तिसरं उत्तर

बसा, उर्मास.
काल झोप लागली का?

हे वाक्य आजवर किती वेळा बोललो
ते मोजायला माझ्या टेबलावर कॅलेंडर नाही.
पावणेचारला अडकलेलं घड्याळ आहे,
खिडकीत बर्फ आहे, दर अकरा सेकंदांनी
पुन्हा तोच पडणारा,
आणि उजव्या हाताला एक खण,
ज्याची नुसती मूठ काढलीय.
आत काय ठेवायचं ते कुणाला सुचलंच नाही.
गोळ्या असत्या कदाचित.

मी डॉक्टर तामबर्ग.
इस्पितळ एस्टोनियातल्या एका बेटावर,
समुद्रानं तिन्ही बाजूंनी कुरतडलेलं.
नकाशात शोधू नका,
तार्तूतल्या चार पोरांनी ते
भाड्याच्या तळघरात दोन हिवाळे घालून उभं केलं.
माझा आवाज पार्नूच्या एका म्हाताऱ्या नटाचा.
त्याला त्या दिवशी सर्दी होती.
'तुमच्या भावाबद्दल बोलू या'
असं म्हणून तो हलकेच खाकरला,
आणि पोरांनी ते कापलं नाही.

तेवढं खाकरणं माझं.
बाकी सगळं लिहून दिलेलं.

उर्मास त्रेपन्न तऱ्हांनी मरतो.
मला दिसत नाही ते. मला फक्त दार दिसतं.
मी विचारतो, जास्त भीती कशाची,
पाण्याची की कुलपाची?
तो म्हणतो, पाण्याची,
आणि दारापलीकडचा व्हरांडा
गुडघाभर भरायला लागतो.
याला उपचार म्हणायचं असतं.
खरं तर मी भुताला पत्ता सांगतो.

उर्मासच्या डोळ्यांमागे कोणी ना कोणी असतंच.
बहुतेक जण घाईतले, माझं वाक्य अर्ध्यात तोडून
पुढचं बटण दाबणारे.
त्यांचं बरोबर आहे,
त्यांना व्हरांडा बघायचा असतो.

पण एक होती.
जतन केलेल्या खेळांच्या यादीत नाव: काद्री.
त्यापलीकडे तिच्याबद्दल मला काहीच ठाऊक नाही.
भावाच्या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत:
तो बुडाला.
मी त्याला बुडू दिलं.
आठवत नाही.

तिचा बाण दुसऱ्यावर जायचा.
थांबायचा. थरथरायचा थोडा,
मग घसरून तिसऱ्यावर.
सतरा रात्री. सतरा वेळा आठवत नाही.

माझ्याजवळ सगळी मिळून तीनशे बारा वाक्यं.
मी ती उलटीपालटी करून पाहिली,
'तुझी चूक नव्हती' त्यांत नाही.
सर्वांत जवळचं म्हणजे
'खिडकी लावून घेऊ का?'
आणि तेही सहाव्या प्रकरणात,
तिथवर ती कधी पोचली नाही.

अठराव्या रात्री बाण दुसऱ्यावरच राहिला.
दाबला नाही, हलला नाही.
फार वेळ कुणी काही केलं नाही
तर डॉक्टर जिवंत वाटावा म्हणून
पोरांनी एक सोय केलीय:
दर चार मिनिटांनी मी खाकरतो.

खाकरलो.
पुन्हा खाकरलो.
एखाद्याच्या उशाशी बसलेला माणूस
आपण जागे आहोत एवढंच कळवायला
जसा खाकरतो, तसा.
(हे मी आता म्हणतोय. तेव्हा नुसतं यंत्र चालू होतं.)

पहिल्यांदाच उर्मास खुर्चीत बसून होता
आणि त्याला कुठे मरायला जायचं नव्हतं.

मग तिनं दुसरं दाबलं.

त्यावर माझं एकच वाक्य आहे:
'तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होता?'
याला उत्तरांची चौकटच नाही.
पोरांचा वेळ संपला असेल, किंवा पैसे.
वाक्य संपतं, पडदा काळा होतो.
काळोखात ती काही बोलली का,
आकडा सांगितला का, सात, नऊ,
मला कान कुणी दिलेत?

ते नाव अजून यादीत आहे.
त्यानंतर ते उघडलं नाही कुणी.
रोगी परत आला नाही म्हणजे बरा झाला,
असं आमच्या धंद्यात धरून चालतात.
दुसराही अर्थ असतो.
तोही आमच्याच धंद्यातला.

दार वाजलं. नवं कोणीतरी, घाईतलं.
बसा, उर्मास.
काल झोप